पंचेचाळिशीनंतर वर्दी : अमेरिकन आर्मी रिझर्व्हमधली नर्सची नोकरी

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा भारताच्या व्हिसापायी गेला आणि अर्धा पेन्शनच्या गणितापायी. उरलेले साडेतीन मात्र मनापासून दिलेत.

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत कुणीतरी गाठतंच. "ताई, तुम्ही म्हणे मिलिटरीत गेलात? या वयात घेतात?" त्यामागोमाग पगाराचा प्रश्न. न्यू जर्सीत आपल्या मराठी नर्सेस काही कमी नाहीत. मुलं कॉलेजला गेलीत, घराचे हप्ते आटोक्यात आलेत, बारा-बारा तासांच्या ड्यूट्यांना जीव विटलाय आणि काहीतरी वेगळं करायची खुमखुमी अजून गेलेली नाही, अशा बऱ्याच जणी भेटतात. दर वेळी हातात द्रोण धरून उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. आर्मी रिझर्व्ह म्हणजे आपली रोजची नोकरी सांभाळून अर्धवेळ करायची फौजेची नोकरी.

मी मूळची साताऱ्याची. आमच्याकडे फौजेचं कुणाला नवल नाही. अपशिंगे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. माझे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. बारावीनंतर मला पुण्याला एएफएमसी या लष्कराच्या मेडिकल कॉलेजात नर्सिंग शिकायला जायचं होतं. ते जमलं नाही, मग मिरजेत शिकले, लग्न झालं, इकडे आले, परीक्षा देऊन लायसन्स काढलं आणि आयसीयूत रुजले ती रुजलेच. तिकडेच राहिले असते तर वर्दीचा विषय केव्हाच मिटला असता. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचं दार पस्तिशीच्या आसपास बंद होतं आणि टेरिटोरियल आर्मीत अधिकारी व्हायची मर्यादा ४२ आहे. अमेरिकेत आर्मीचा नियमही ४२ चाच, पण डॉक्टर-नर्ससाठी वयात सवलत मागता येते आणि गरज असेल तर ती मिळते. मी तशीच आत शिरले.

पात्रता थोडक्यात. अमेरिकन नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड हवं. नर्सिंगची बॅचलर डिग्री हवी आणि लायसन्स स्वच्छ हवं. नर्स तिथे शिपाई म्हणून जात नाही, ऑफिसर म्हणून जाते, आणि पद ठरवताना आधीच्या नोकरीची वर्षं मोजतात. मी फर्स्ट लेफ्टनंट म्हणून सुरुवात केली. सुभेदारमामांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "म्हणजे आता मी तुला सॅल्यूट मारायचा का गं?"

आता पायरी पायरीने.

पहिली गोष्ट, मॉलमध्ये टेबल लावून बसलेल्या रिक्रूटरकडे जाऊ नका. त्याच्याकडे अठरा वर्षांची पोरं येतात. नर्सचं काय करायचं हे त्याला माहीत नसतं आणि तसं तो कबूलही करत नाही. वैद्यकीय विभागाचे रिक्रूटर वेगळे असतात, त्यांचं ऑफिस शोधून काढा. तिथेही जे सांगतात ते लिहून घ्या. मला भेटलेल्या एकाने "परदेशी तैनाती आलीच तर फक्त ९० दिवस" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. ती ९० दिवसांची सोय डॉक्टर, डेंटिस्ट आणि भूल देणाऱ्या नर्सेससाठी आहे. माझ्यासारख्या आयसीयूच्या नर्सला ती लागू नाही. आपल्याला हुकूम आला तर नऊ महिने ते वर्षभराची तयारी ठेवायची. हा फरक लहान नाही. घरी दहावी-बारावीचं मूल किंवा थकलेले सासू-सासरे असतील तर त्यावरच सगळा निर्णय फिरतो.

वैद्यकीय तपासणीची लोक उगाच धास्ती घेतात. पहाटे नेऊन बसवतात, रक्त, लघवी, कान, डोळे, आणि मग अंतर्वस्त्रांवर वीसेक बायकांना एका खोलीत रांगेने उभं करून कवायत करायला लावतात. त्यात एक प्रकार आहे बदकासारखं उकिडवं बसून चालायचा. माझ्या शेजारच्या विशीतल्या दोन मुली धपकन बसल्या. मी आरामात गेले आणि आले. साताऱ्यात उकिडवं बसून भांडी घासलेल्या बाईला हे काय सांगताय! मात्र जुने आजार लपवू नका. थायरॉईडची गोळी, जुनं ऑपरेशन, सगळ्याचे कागद जोडले की बहुतेक वेळा वाट निघते. आमच्या वेळी वजनाचा तक्ता होता. त्यात बसत नसाल तर नाभीच्या रेषेत टेप लावून कंबर मोजायचे. त्याआधी मान, कंबर, नितंब सगळं मोजायचे, २०२३ मध्ये एकच माप केलं.

खरा घाट पुढे आहे. सुरक्षा चौकशीचा फॉर्म, नाव एसएफ-८६. शंभरावर पानं. माझ्याबरोबर अर्ज केलेली ओहायोची मुलगी तो एका वीकएंडला भरून मोकळी झाली. तिचे आई-वडील, भाऊ, सासर सगळं एकाच काउंटीत. आपलं तसं नाही. परदेशात असलेल्या प्रत्येक जवळच्या नातेवाइकाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, पत्ता, नोकरी, तुम्ही त्यांच्याशी किती वेळा बोलता आणि कशावरून बोलता. "कशावरून" म्हणजे फोन की व्हॉट्सअॅप. माझी आई, सासरे आणि सासूबाई, तिघांचीही जन्मतारीख १ जून. चौकशी अधिकारी फार सभ्य गृहस्थ होता, पण त्याने पेन खाली ठेवलं. मग मी त्याला समजावलं, की शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे पोराचं वय काय, घरच्यांना तारीख माहीत नसायची, आणि शाळा जूनमध्ये सुरू व्हायची म्हणून मास्तर सरसकट १ जून टाकून मोकळे व्हायचे. त्याने ते सगळं शब्दन् शब्द लिहून घेतलं. आमच्या गावच्या मास्तरांचा हिशोब आता अमेरिकन सरकारच्या फाइलीत आहे.

त्याच फॉर्मवर पुढे प्रश्न येतो : परदेशात तुमची स्थावर मालमत्ता आहे का? वडील गेल्यावर वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर माझं नाव लागलं होतं. सव्वा एकर जिरायत, त्यात भाऊ, आई, चुलते, आत्या सगळ्यांची नावं, सामाईक. विहीर आहे पण उन्हाळ्यात तळ दिसतो. आता याची डॉलरमध्ये किंमत काय लिहायची, आणि माझा हिस्सा किती? अधिकाऱ्याने विचारलं, की बाकीच्या मालकांपैकी कोणी परदेशी सरकारच्या नोकरीत आहे का. चुलतभाऊ एसटीत कंडक्टर आहे. तो सरकारी की महामंडळाचा, यावर आमचा बराच वेळ गेला. सुभेदारमामांचं नाव तर आलंच, परदेशी लष्कराचा माणूस म्हणून. मामा खूश, पस्तीस-चाळीस वर्षांनी कुणीतरी त्यांची पलटण विचारली. भावाने फोनवर सल्ला दिला, "ताई, हक्कसोडपत्र करून टाक, कटकटच मिटेल." त्याला निमित्तच हवं होतं असं मी म्हणत नाही. मी काही सोडलं नाही, सगळं खरं खरं लिहिलं. जमीन असणं, नातेवाईक फौजेत असणं याने कोणी नापास होत नाही. लपवलं आणि सापडलं तर होतं. फक्त वेळ लागतो. अर्ज, आर्मीच्या निवड समितीचा निर्णय, मग वरून सही होऊन येणारी यादी, असं करत शपथ घ्यायला वर्ष उलटून गेलं. घाई असलेल्याने या वाटेला जाऊ नये.

शपथेनंतर प्रशिक्षण दोन टप्प्यांत. पहिला ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलला. तोफखान्याचं ठाणं आहे, जेरोनिमोची कबर तिथेच आहे, आणि दिवसभर लांबवर तोफांचा सराव चालू असल्याने खिडक्यांच्या काचा थरथरत असतात. इथे वैद्यकीय विभागाच्या नव्या ऑफिसरांना फौजी माणसासारखं उभं राहायला, चालायला, नकाशा वाचायला शिकवतात. वर्गात डेंटिस्ट, मानसतज्ज्ञ, जनावरांचे डॉक्टर, आमच्यासारख्या नर्सेस. वयाची काळजी मला होती ती पहिल्याच संध्याकाळी गेली. काळी लोकरी बेरे टोपी दुकानातून आणल्यावर तशीच घालता येत नाही. तिच्यावरची लव दाढीच्या रेझरने तासायची, मग कोमट पाण्यात भिजवून डोक्यावर घालून बसायचं, एका बाजूला ओढून आकार द्यायचा आणि ती डोक्यावरच वाळू द्यायची. पन्नाशीचा एक हाडांचा सर्जन, ज्याच्या एका तासाला लोक रांगा लावत असतील, तो मांडी घालून टोपीची दाढी करत बसला होता आणि एक पंचविशीतला सार्जंट त्याला सांगत होता, "सर, अजून लव दिसतेय."

केसांचं बायका हमखास विचारतात. कापावे लागत नाहीत. पूर्वी अंबाडा घट्ट बांधायला लागायचा, २०२१ पासून एक वेणी किंवा पोनीटेल चालतं, फक्त खांद्याच्या पात्याखाली लोंबता कामा नये आणि हेल्मेट नीट बसलं पाहिजे. मंगळसूत्र शर्टाच्या आत दिसणार नाही असं ठेवायचं. बांगड्या विसरा.

दुसरा टप्पा टेक्सासात, सॅन अँटोनियोच्या फोर्ट सॅम ह्यूस्टनला. अमेरिकन आर्मीचे सगळे डॉक्टर, नर्सेस, मेडिक इथूनच निघतात. वर्ग एकजात कंटाळवाणे, स्लाइडवर स्लाइड. तिथेच कळलं की आर्मी रिझर्व्हची सुरुवातच मुळी वैद्यकीय लोकांपासून झाली. २३ एप्रिल १९०८ ला मेडिकल रिझर्व्ह कोअर निघाली, बाकीची रिझर्व्ह फौज नंतरची. आर्मी नर्स कोअर त्याच्याही आधीची, १९०१ ची. एवढं सोडलं तर वर्गातलं मला आता काहीही आठवत नाही.

कॅम्प बुलिसचं मैदानी प्रशिक्षण मात्र फुल मार्क्स. चुनखडीचा ओबडधोबड डोंगराळ भाग, वर टेक्सासचं ऊन, खाली लाल मुंग्या. हॉस्पिटलमधली नर्स कुठलाही पेशंट आला की आधी श्वासमार्ग बघते. वर्षानुवर्षांचं वळण असतं ते. इथे क्रम वेगळा. आधी धो धो वाहणारं रक्त, मग श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, आणि शेवटी अंग गार पडू न देणं. कारण रणांगणावर वाचवता येण्यासारखी जी माणसं जातात ती प्रामुख्याने रक्तस्रावाने जातात. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, मांडीवर जितकं वर जाईल तितकं वर, कपड्यांवरूनच, पट्टा कचकन ओढायचा आणि त्यातली काडी पिळायची, रक्त थांबेपर्यंत. पुतळ्यावर करताना सोपं वाटतं. मग जिवंत जोडीदाराच्या पायावर करायला लावतात आणि तो ओरडायला लागतो. आपला हात आपोआप सैल पडतो, कारण पेशंटला दुखवू नये हे अंगात मुरलेलं. आमची शिकवणारी सार्जंट, माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी असेल, कानाशी येऊन म्हणाली, "मॅम, तो ओरडतोय म्हणजे जिवंत आहे. पिळा." काडी अडकवल्यावर वेळ लिहायची, पट्टीवर किंवा थेट कपाळावर. आता कुठल्याही गाडीत बसले की माझ्या पर्समध्ये एक टूर्निकेट असतं. नवरा हसतो.

जेवणाचं एका परिच्छेदात उरकते. तळावरचं मेस उत्तम, सॅलड, अंडी, भात सगळं मिळतं. मैदानात गेलं की एमआरईची, म्हणजे फौजेच्या तयार जेवणाची पाकिटं. चोवीस प्रकार, त्यात चारेक शाकाहारी. पाणी घातलं की तापणारी एक पिशवी असते त्यात गरम होतात. मी मांसाहारी आहे पण बीफ खात नाही, त्यामुळे पाकीट उघडल्यावर अदलाबदलीचा बाजार भरायचा त्यात मी नेहमी तोट्यात. पक्क्या शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण पालकाच्या त्या क्रीममधल्या शेवयांचं पुढे नाव काढणार नाही. शेंगदाण्याची चटणी न्या.

शारीरिक चाचणी. आम्हाला सहा प्रकार होते, त्यात एक जड चेंडू डोक्यावरून मागे फेकायचा होता. जून २०२५ पासून तो काढला, आता पाच : डेडलिफ्ट, जमिनीवरून हात उचलून मारायचे पुशअप्स, वजन ओढत-वाहत धावायचा एक प्रकार, प्लँक आणि दोन मैल धावणं. प्रत्येकात किमान साठ गुण, आणि गुणांचा तक्ता वयाप्रमाणे आणि बाईमाणूस बघून लावतात, त्यामुळे धावायला आपल्याला पोरांपेक्षा जास्त वेळ मिळतो. रूझवेल्ट पार्कात पहाटे चालायला जाणाऱ्या बायकांना मी खरंच सांगते, धावण्याचं टेन्शन घेऊ नका, ते सवयीने येतं. दंडात ताकद आणा. पुशअप्समध्ये आपल्या बायका मागे पडतात.

आता मूळ मुद्द्यावर येते, ते म्हणजे ही नोकरी रोजच्या व्यवहारात कशी आहे. जाहिरातीत म्हणतात महिन्यातून एक वीकएंड आणि वर्षातून दोन आठवडे. हा हिशोब कागदावरचा. ऑनलाइन कोर्स, ईमेल, चाचणीचा सराव, वर्दीची शिलाई, लांबचा प्रवास हे सगळं आपल्या वेळातून. महिन्याच्या वीकएंडला बराच वेळ हजेरी, रांग आणि सूचना यात जातो. फौजेत थांबणं हे कामच धरायचं. दोन दिवसांच्या वीकएंडला चार दिवसांचा मूळ पगार मिळतो. ऐकायला बरं वाटतं, पण अनुभवी आयसीयू नर्स त्याच दोन दिवसांत हॉस्पिटलात जादा पाळ्या केल्या तर साधारण तेवढेच किंवा जास्त कमावते. पैशासाठी येत असाल तर येऊ नका, हे मी मंडळात दहा जणींना सांगून चुकलेय.

मग साडेतीन तारे कशाचे? विस्कॉन्सिनमधल्या फोर्ट मकॉयला उन्हाळ्यात 'ग्लोबल मेडिक' नावाचा सराव होतो. उघड्या माळावर बत्तीस खाटांचं फील्ड हॉस्पिटल उभं करायचं, आपण स्वतः. तंबू, जनरेटर, ऑक्सिजन, ऑपरेशनची खोली, आयसीयू. रात्री दिवे बंद ठेवायचा हुकूम. डोक्याला लावलेला लाल बॅटरीचा मिणमिणता उजेड तेवढा. माझ्याकडे एकोणीस वर्षांचा एक मेडिक दिला होता. पोरगं हुशार, पण शीर सापडेना. तेवढ्या मिणमिणत्या उजेडात शिरा नीट दिसत नव्हत्या आणि तो डोळे फाडून शोधतोय. मी त्याची बॅटरी विझवली, त्याचं बोट जोडीदाराच्या कोपराच्या खळीत ठेवलं आणि म्हटलं, "दाब, सोड. परत दाब. जे उसळी मारून वर येतं ती शीर, जे नुसतं कडक लागतं तो स्नायूचा दोर." दोनतीनदा चाचपून तो म्हणाला, "हं." पुढची सुई पहिल्या फटक्यात. दुसऱ्या रात्री तो इतरांना शिकवत होता, माझेच शब्द वापरून, आणि श्रेय अर्थातच स्वतः घेत होता.

हॉस्पिटलात मला इतक्या वर्षांनी कोण विचारतं? तक्ते भरा, मॉनिटरचे अलार्म बंद करा, स्टाफ कमी आहे तर तीन पेशंट घ्या. इथे मला सांगतात, ही दहा पोरं तुमची, यांना तयार करा. पंचेचाळिशीतल्या बाईच्या हातातलं कसब कुणाला तरी हवंय, ते मागून घेतात, त्याबद्दल मॅम म्हणतात आणि पुढल्या वर्षी आणखी मोठी जबाबदारी देतात. या एका गोष्टीसाठी मी तीन तारे दिलेत. आणि हे नुसतं सरावापुरतं नाही. २०२० च्या कोविडमध्ये रिझर्व्हच्या डॉक्टर-नर्सेसची पंच्याऐंशी-पंच्याऐंशी जणांची पथकं करून शहरातल्या हॉस्पिटलांत पाठवली होती, आमच्या शेजारी न्यूआर्कलाही. मी तेव्हा रिझर्व्हमध्ये नव्हते, पलीकडच्या बाजूला होते, म्हणजे मदतीची वाट बघणाऱ्या आयसीयूत. अर्ज करायचं तेव्हा डोक्यात बसलं.

उरलेला अर्धा तारा आरोग्य विम्याचा. ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट. २०२५ मध्ये पूर्ण कुटुंबाचा हप्ता महिन्याला पावणेतीनशे डॉलरच्या आत होता. अमेरिकेत राहणाऱ्यांना या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको. नवरा स्वतःचा धंदा करतो किंवा कन्सल्टिंग करतो अशा घरांना हाच फायदा सगळ्यात मोठा. पण एक खोच आहे, जी कुणी आपणहून सांगत नाही : तुम्ही व्हीएच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात, म्हणजेच केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर २०३० पर्यंत हा विमा तुम्हाला मिळत नाही. व्हीएमधल्या मराठी नर्सेस, आधी हे बघा.

पेन्शनचं गणित उशिरा येणाऱ्याच्या विरोधात आहे. वीस 'चांगली' वर्षं भरावी लागतात, म्हणजे हजेरी-प्रशिक्षणाचे वर्षाला किमान पन्नास पॉइंट, आणि पेन्शन साधारणपणे साठीला सुरू होते. सेहेचाळीसाव्या वर्षी आलेली बाई वीस वर्षं भरेपर्यंत सहासष्टची होते. फौजेत राहायची नेहमीची मर्यादा ६२. नर्सेसना खास मंजुरीने ६८ पर्यंत ठेवता येतं, पण ती मंजुरी हक्क नाही. म्हणून पेन्शन मिळालीच तर वरकड समजायची. आधी कुठल्याही फौजेत नोकरी केली नसेल तर पन्नाशीच्या जवळ येऊन पेन्शनसाठी अर्ज करणं हा शुद्ध वेडेपणा.

नोकरीच्या ठिकाणी कायदा आपल्या बाजूने आहे. १९९४ चा यूएसईआरआरए कायदा सांगतो की लष्करी कामासाठी गेलेल्या माणसाची जागा मालकाने राखायची. कायदा काही चेहरे सांभाळत नाही. आमच्या मॅनेजरबाई वीकएंडची तारीख दिली की "परत?" म्हणून भुवई वर करतात. मी वर्षाच्या सगळ्या तारखा जानेवारीतच लेखी देते आणि पोच घेते. तेवढं केलं की पुढे कुरकुर ऐकायची, उत्तर द्यायचं नाही.

आणि आता तो गेलेला एक तारा. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड. भारत सरकारचा नियम स्पष्ट आहे : परदेशी लष्करात सेवेत असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय मिळत नाही. निवृत्त झालेल्यालासुद्धा नाही. मी ओसीआय काढलेलं नव्हतं, टाळाटाळ चालू होती, आणि आता ते दार कायमचं बंद. साताऱ्याला आईकडे जायचं तर व्हिसा. व्हिसाच्या अर्जात सरळ प्रश्न असतो, तुम्ही कधी लष्करात, निमलष्करी दलात, पोलिसांत होता का. हो म्हटलं की संघटना, हुद्दा, रँक, नेमणुकीचं ठिकाण सगळं भरायचं. इकडे आर्मीलाही परदेश प्रवास आधी कळवायचा. म्हणजे आईला रात्री अचानक दवाखान्यात हलवलं तर बाकीची भावंडं ओसीआय खिशात घालून विमानात बसणार आणि मी दोन्ही सरकारांना फॉर्म भरून देणार. नर्स आहे, पेशंटच्या पायाशी पोचायला किती तास लागतात हा हिशोब मला जास्तच कळतो. माझा व्हिसा अजून कधी अडला नाही, पण प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. रिक्रूटरला यातलं काही माहीत नसतं, त्याला ओसीआय म्हणजे काय हेही सांगावं लागतं. ज्यांच्याकडे कार्ड आधीच आहे त्यांनी सही करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला फी देऊन विचारावं. मंडळातल्या कुणाला विचारू नये. मलाही नाही.

घरच्यांचं म्हणाल तर नवऱ्याला पहिले सहा महिने हे मिडलाइफचं खूळ वाटलं. मुलीला इन्स्टाग्रामपुरतं कौतुक. सासूबाईंना वर्दीतला फोटो पाठवला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "बूट किती मोठे गं, पाय दुखत नाहीत?" दुखतात. पहिल्या दिवसापासून दुखतात. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या आणि कोर्सला जायच्या आधी घरात घालून भाजी निवडा, केर काढा, नरम करा.

कुणी यावं? आई-वडिलांकडे तातडीने धावत जायची वेळ नजीक नसलेल्या, वर्षभर घराबाहेर राहायची वेळ आली तर घर चालेल अशा, आणि शिकवायची हौस असलेल्या नर्सने डोळे झाकून यावं. नुसती नोकरीला कंटाळलेली असेल तिने आधी युनिट बदलून बघावं.

पहिल्या फोनवरच रिक्रूटरला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा : माझ्या स्पेशालिटीला तैनाती किती महिन्यांची, माझ्या वयाला सवलतीचा अर्ज कोण करणार, आणि वीकएंडचं युनिट घरापासून किती मैल. तोवर फॉर्मसाठी सासर-माहेरचे जन्माचे दाखले गोळा करायला लागा. जमिनीत नाव असेल तर सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाइन निघतो, पंधरा रुपयांत. भावाला मागू नका.